दोन भाषांत शिकवणाऱ्या छोट्या शाळेला मदत करायची असेल तर

देणग्यांवर चालणारी छोटी शाळा, मुलं गरीब घरातली, फी नाही किंवा अगदी नावापुरती, आणि शिकवणं दोन भाषांत, म्हणजे मुलाच्या घरात बोलतात ती भाषा आणि जिच्यात पुढचं शिक्षण, नोकरी, कागदपत्रं सगळं चालतं ती मोठी भाषा. अशी एखादी शाळा तुमच्या माहितीत असेल आणि तिच्यासाठी काही करावं असं मनापासून वाटत असेल तर नेमकं काय करायचं ते इथे लिहितेय. मी बरीच वर्षं अशा शाळांचे हिशोब आणि देणग्यांची कामं बघते त्यामुळे माझी मतं ठाम आहेत, आणि त्यातलं सगळ्यात ठाम मत आधीच सांगते. अशा शाळेला सगळ्यात जास्त गरज असते ती दर महिन्याला न चुकता येणाऱ्या आणि कशावरही खर्च करता येईल अशा पैशांची, त्यातही घरच्या भाषेत शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पगाराची, आणि नेमकं त्यालाच कोणी पैसे देत नाही. खोली बांधायला देतात, कॉम्प्युटरला देतात, मोठ्या भाषेच्या स्पोकन क्लासला तर आनंदाने देतात, पण पहिलीच्या मुलांना त्यांच्याच बोलीत वाचायला शिकवणाऱ्या बाईंचा पगार म्हटलं की समोरचा माणूस विषय बदलतो.

आधी शाळा काय करते ते समजून घ्या

दोन भाषांची शाळा म्हटलं की बऱ्याच देणगीदारांना वाटतं की घरची भाषा म्हणजे फक्त सुरुवातीचा टेकू, मुलं रुळली की काढून टाकायचा, जितक्या लवकर काढाल तितकं चांगलं. हा समज घेऊन मदत करायला गेलात तर शाळेचं नुकसान कराल, म्हणून यावर जरा वेळ घालवा.

लहान मूल ज्या भाषेत विचार करतं त्या भाषेत ते वाचायला लवकर शिकतं, आणि अक्षरावरून अर्थ काढायचा कसा हे एकदा जमलं की तेच कौशल्य ते दुसऱ्या भाषेत वापरतं, परत शून्यापासून शिकावं लागत नाही. युनेस्कोने १९५३ सालीच आपल्या अहवालात सांगितलं होतं की शिक्षणाची सुरुवात मातृभाषेत व्हावी आणि शक्य तितक्या वरच्या इयत्तेपर्यंत ती चालू राहावी. नायजेरियात इफे इथे १९७० मध्ये एक प्रकल्प सुरू झाला, त्यात मुलांच्या एका गटाला प्राथमिकची सहाही वर्षं योरुबा भाषेत शिकवलं आणि इंग्रजी हा वेगळा विषय म्हणून चांगल्या शिक्षकांकडून शिकवला, दुसरा गट नेहमीच्या पद्धतीने मधेच इंग्रजी माध्यमात गेला. योरुबातून शिकलेली मुलं पुढे निघाली, आणि इंग्रजीतसुद्धा मागे पडली नाहीत. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९८० च्या आसपास दाखवलं की नवीन भाषेत खेळायला, गप्पा मारायला मूल साधारण दोन वर्षांत शिकतं, पण त्याच भाषेत विज्ञानाचा धडा समजून घ्यायला, उत्तर लिहायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. हा फरक लक्षात ठेवा कारण देणगीदार शाळेत येतात, मुलं मोठ्या भाषेत फाडफाड नमस्कार-चमत्कार करतात, आणि सगळ्यांना वाटतं झालं, आता घरच्या भाषेची गरज संपली. संपलेली नसते.

तर शाळेला पहिला प्रश्न हा विचारा की कुठल्या इयत्तेपर्यंत कुठला विषय कुठल्या भाषेत शिकवता? गणित कशात, परिसर अभ्यास कशात, परीक्षा कशात? उत्तर स्पष्ट मिळालं, आणि ते का असं ठरवलं हेही सांगता आलं, तर शाळा विचार करून चालवलीये असं समजा. घरची भाषा फक्त प्रार्थना, गाणी आणि स्नेहसंमेलनापुरती असेल तर ती दोन भाषांची शाळा फक्त बोर्डावर आहे. आणि हो, एका वर्गात तीन-चार घरच्या भाषा असलेली मुलं असतील तर काय करतात तेही विचारा, अवघड प्रश्न आहे, कोणाकडेच सोपं उत्तर नसतं, पण प्रामाणिक उत्तर ऐकलं की शाळा कळते.

पैसे देण्याआधी काय बघायचं

छोट्या शाळेकडे चकचकीत वार्षिक अहवाल नसतो, असावा अशी अपेक्षाही करू नका. पण काही गोष्टी असायलाच पाहिजेत. संस्था नोंदणीकृत आहे का, बँक खातं संस्थेच्या नावावर आहे का (कोणा एका माणसाच्या नावावर असेल तर तिथेच थांबा, कितीही भला माणूस असो), पैसे काढायला दोन सह्या लागतात का, मागच्या वर्षीचा जमाखर्च दाखवतात का. मुलांच्या सुरक्षिततेचे लेखी नियम आहेत का हे विचारायला अजिबात संकोच करू नका, तक्रार आली तर कोणाकडे जायची, मोठी माणसं मुलांसोबत एकटी राहतात का, बाहेरच्या पाहुण्यांसाठी काय नियम आहेत. आणि एक प्रश्न जो जवळजवळ कोणी विचारत नाही पण त्याच्या उत्तरातून सगळ्यात जास्त कळतं: शिक्षक सरासरी किती वर्षं टिकतात, आणि जे सोडून गेले ते का गेले?

एक प्रश्न मात्र विचारू नका, निदान पहिल्या भेटीत तरी नको: "आमच्या पैशातले किती टक्के ॲडमिनवर जातात?" हिशोब लिहिणारा माणूस, इंटरनेट, ऑडिट, शिक्षकांचं प्रशिक्षण हे सगळं ॲडमिनमध्ये धरलं जातं आणि ते कमी दाखवायच्या नादात शाळा आतून पोखरली जाते. अमेरिकेत गाईडस्टार, चॅरिटी नेव्हिगेटर आणि बीबीबी वाइज गिव्हिंग अलायन्स या देणगीदारांना माहिती पुरवणाऱ्या तिन्ही संस्थांनी २०१३ मध्ये एकत्र उघड पत्र लिहून सांगितलं की फक्त ओव्हरहेडच्या, म्हणजे ॲडमिनसारख्या खर्चाच्या, टक्केवारीवरून संस्था जोखू नका. ज्यांचा धंदाच आकडे तपासण्याचा त्यांनी हे म्हटलं, यावरून समजून घ्या.

पैसे कसे द्यायचे

दर महिन्याला द्या, रक्कम छोटी चालेल. शाळेचा सगळ्यात मोठा खर्च पगार असतो आणि पगार दर महिन्याला द्यावा लागतो, देणग्या मात्र वर्षातून एक-दोनदा लाटेसारख्या येतात आणि मधले महिने कोरडे जातात, सुट्टीच्या काळात तर फारच, कारण तेव्हा शाळा दिसत नाही आणि जी दिसत नाही तिची आठवण येत नाही. मग मुख्याध्यापक शिकवायचं सोडून फोन करत बसतात. बँकेत ऑटो डेबिट लावून टाका, म्हणजे तुमची आठवण आणि मूड यावर कोणाचा पगार अवलंबून राहणार नाही.

देताना "शाळेला योग्य वाटेल तिथे वापरा" असं स्पष्ट लिहून द्या. हे एक वाक्य फार महत्त्वाचं आहे, कारण अटी घालून दिलेला पैसा वेगळा ठेवावा लागतो, त्याचा वेगळा हिशोब, वेगळा रिपोर्ट, आणि कितीदा असं होतं की खात्यात पैसे आहेत पण ते लायब्ररीसाठी आलेत आणि इकडे बाईंचा पगार थकलाय. तुम्हाला अट घालायचीच असेल, म्हणजे मनात एखादी गोष्ट अगदी पक्की असेल, तर घरच्या भाषेच्या शिक्षकाच्या पगाराची अट घाला आणि ती निदान तीन वर्षांसाठी घाला, एका वर्षासाठी नको, कारण एका वर्षाच्या भरवशावर चांगला शिक्षक कोणी नोकरी घेत नाही.

शाळेकडे राखीव निधी आहे का ते बघा. तीन महिन्यांचे पगार बाजूला असले तरी शाळा बऱ्यापैकी धक्के सहन करू शकते. काही देणगीदार खात्यात शिल्लक बघून म्हणतात की यांच्याकडे तर पैसे आहेत, मग आपली काय गरज! उलट आहे ते. ज्या छोट्या शाळेने राखीव पैसे साठवलेत तिला आणखी द्या, तिला उद्याची काळजी आहे. नोकरी करत असाल तर कंपनीत विचारून बघा, काही कंपन्या कर्मचाऱ्याने दिलेल्या देणगीत स्वतःची भर घालतात आणि हे फॉर्म न भरल्यामुळे तसंच पडून राहतं.

एका मुलाला स्पॉन्सर करायच्या योजनांबद्दल माझं मत स्पष्ट आहे, छोट्या शाळेत हे नको. भावना खरी असते, मी समजू शकते, एक चेहरा डोळ्यासमोर असला की द्यावंसं वाटतं. पण वर्गात काही मुलांना भेटी येतात काहींना नाही, पत्रं लिहून घ्यायला, भाषांतर करायला, फोटो पाठवायला एक माणूस कायम अडकतो, आणि मूल मधेच शाळा सोडून गेलं की स्पॉन्सरला वाटतं आपले पैसे वाया गेले. त्यापेक्षा आख्ख्या वर्गाला स्पॉन्सर करा, चार मित्र मिळून एका वर्गाचा वर्षाचा खर्च उचला, शाळा तुम्हाला वर्गाबद्दल कळवेल आणि कुठल्याच मुलाला कोणाचे आभार मानत मोठं व्हावं लागणार नाही.

वस्तू

विचारल्याशिवाय काहीही पाठवू नका. जुने कपडे, बंद पडत आलेले कॉम्प्युटर, मोठ्या भाषेतली जुनी जाड पुस्तकं, यांची साफसफाई आणि विल्हेवाट हे शाळेचं नवीन काम होऊन बसतं. शाळेला यादी मागा. यादीत बहुतेक वेळा अशा गोष्टी असतात ज्या संपतात: वह्या, पेन्सिली, खडू, साबण, सॅनिटरी पॅड, प्रिंटरची शाई. दिसायला छान नसतात पण हव्या असतात.

चष्म्यांबद्दल वेगळं सांगते कारण हे हमखास सुटतं. फळ्यावरचं दिसत नाही हे लहान मूल सांगत नाही, त्याला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं, आणि शिक्षकांना वाटतं पोरगं लक्ष देत नाही, त्यात शिकवणं दुसऱ्या भाषेत असेल तर सगळा दोष भाषेवर जातो. चीनच्या ग्रामीण भागात झालेल्या अभ्यासांमध्ये मोफत चष्मे मिळालेल्या मुलांचे मार्क सुधारलेले दिसले आहेत. वर्षातून एकदा डोळे आणि कान तपासून घ्यायची सोय तुम्ही करू शकलात तर तो खर्च सत्कारणी लागला समजा.

आता पुस्तकं, आणि इथे तुम्ही पैशांशिवायही खूप करू शकता. मोठ्या भाषेतली गोष्टींची पुस्तकं ढिगाने मिळतात, घरच्या भाषेतली मिळतच नाहीत किंवा एक पाठ्यपुस्तक सोडून काही नसतं, आणि वाचायला काही नसेल तर वाचायला शिकून काय करायचं! स्टोरीवीव्हर (प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेलं) आणि आफ्रिकन स्टोरीबुक या दोन साइटवर मुलांची चित्रांची पुस्तकं खुल्या परवान्याखाली आहेत, म्हणजे ती डाउनलोड करा, छापा, आणि स्वतःच्या भाषेत भाषांतर करा, परवानगी मागत बसायची गरज नाही, फक्त मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवायची. ब्लूम नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, ते तर खास अशा भाषांमध्ये पुस्तकं बनवण्यासाठीच आहे जिथे छापील साहित्य फारसं नाही. करायचं असं की त्या भाषेचे चांगले बोलणारे दोघं-तिघं शोधायचे, शाळेतल्या बाईंना सोबत घ्यायचं, भाषांतर करून आधी वर्गात मोठ्याने वाचून बघायचं, मुलं जिथे अडखळतात ते वाक्य बदलायचं, मग छापायचं. मुलांच्या आजी-आजोबांना सांगायला लावा, त्यांच्या गोष्टी फोनवर रेकॉर्ड करून लिहून काढा. ज्या आजीला अक्षर येत नाही तिची गोष्ट नातू पुस्तकातून वाचतोय, यानंतर त्या घरात शाळेबद्दल वेगळं बोलणं होतं, हे मी बघितलंय.

वेळ द्यायचा असेल तर

आठवडाभर येऊन मुलांना शिकवतो म्हणणारे खूप असतात. कृपा करून हे करू नका. मुलांना लळा लागतो आणि माणूस जातो, परत नवीन येतो, परत जातो, आणि वर्गाचं वेळापत्रक पाहुण्यांभोवती फिरायला लागतं. शिकवायचंच असेल तर निदान एक पूर्ण सत्र द्या, शाळेच्या शिक्षकाच्या हाताखाली काम करा, आणि पार्श्वभूमी तपासणीला स्वतःहून तयार व्हा. मुलांशी खासगी मेसेज नाही, एकट्याने भेटणं नाही, फोटो स्वतःच्या अकाउंटवर टाकणं नाही.

शाळेला बाहेरून जी मदत खरंच लागते ती टेबलावरची असते. हिशोब सॉफ्टवेअरमध्ये आणणं, ग्रँटचे अर्ज लिहिणं, पावत्या वेळेवर पाठवणं, देणगीदारांची यादी नीट ठेवणं, वेबसाइट अपडेट करणं. दोन तास दर आठवड्याला, घरून, दोन वर्षं असं कोणी करणारं मिळालं की मुख्याध्यापकांचा कितीतरी वेळ वर्गासाठी मोकळा होतो. मोठ्या संस्थांचे ग्रँटचे अर्ज मोठ्या भाषेतच आणि विशिष्ट पद्धतीने लिहावे लागतात, ते तुम्हाला जमत असेल तर तुमची देणगी जेवढी असेल त्यापेक्षा जास्त पैसे तुम्ही त्या अर्जातून आणू शकता.

पालकांची भीती आणि देणगीदारांची घाई

पालक येऊन विचारतात की आमची भाषा तर पोराला येतेच, ती शाळेत कशाला, तुम्ही मोठी भाषा शिकवा. या भीतीला कमी लेखू नका, त्या भाषेवाचून त्यांना स्वतःला दारादारातून परत पाठवलं गेलंय. त्यांना अभ्यासांची नावं सांगून उपयोग नसतो, वर्गात बोलवा, मूल दोन्ही भाषांत वाचतंय आणि वाचलेलं स्वतःच्या शब्दांत सांगतंय हे बघू द्या. शाळा अशा खुल्या वर्गाचा दिवस ठेवत असेल तर त्याचा खर्च उचला, पालकांची त्या दिवसाची मजुरी बुडते हेही धरा.

पण खरी अडचण कितीदा देणगीदारच असतात. मोठी रक्कम देणारे म्हणतात की तिसरीपासून सगळं मोठ्या भाषेत करा, रिझल्ट लवकर दिसला पाहिजे, आणि शाळेला नाही म्हणता येत नाही कारण अर्धं बजेट त्यांच्याकडून येतं. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की एकाच देणगीदारावर शाळेचा फार मोठा हिस्सा चालू देऊ नका, एक तृतीयांशाच्या वर गेलं की मला काळजी वाटते. तुम्ही स्वतः एवढं देणारे असाल तर आणखी वीस लोक जोडून द्या, छोटी छोटी रक्कम देणारे, म्हणजे शाळा तुम्हाला सुद्धा नाही म्हणू शकेल. लोक जोडताना मुलांचे रडवेले फोटो वापरू नका. मुलाची आणि पालकांची परवानगी, खरं नाव नाही, घरची परिस्थिती नाही, आणि मूल शिकतंय असा फोटो. गरिबी दाखवून एकदा पैसे मिळतात, काम दाखवून माणसं टिकतात.

वर्षानंतर काय विचारायचं

जाडजूड रिपोर्ट मागू नका, दोन शिक्षकांच्या शाळेला तो लिहायला महिना जातो. एकच गोष्ट मागा: तिसरीतली किती मुलं घरच्या भाषेत एक छोटा उतारा समजून वाचू शकतात, आणि पाचवीतली किती मुलं दोन्ही भाषांत? यासाठी महागडी परीक्षा लागत नाही. अक्षर, शब्द, उतारा, गोष्ट अशा चार पायऱ्यांची एका पानाची वाचन चाचणी भारतातल्या मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या 'असर'च्या पाहणीत २००५ पासून वापरतात आणि त्याच धर्तीवर पूर्व आफ्रिकेत 'उवेझो'ने केलं, मूल समोर बसवून काही मिनिटांत होते. आकडे खराब आले तर पैसे बंद करू नका, काय बदलणार आहात ते विचारा आणि त्यासाठी काय लागेल ते विचारा. जी शाळा खराब आकडा स्वतःहून दाखवते तिच्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही. आणि मुलं किती शाळा सोडून गेली, त्यात मुली किती, हेही त्याच पानावर मागा.

पहिला मेसेज काय पाठवायचा असं बरेच जण विचारतात, तर साधारण असा पाठवा: "नमस्कार, तुमच्या शाळेला दर महिन्याला ठरावीक रक्कम द्यायची इच्छा आहे, निदान तीन वर्षं देऊ शकेन. पैसे तुम्हाला योग्य वाटेल तिथे वापरा. संस्थेचे बँक तपशील, मागच्या वर्षीचा जमाखर्च आणि मुलांच्या सुरक्षिततेचे नियम पाठवाल का? घाई नाही. भेटायला यायचं असेल तर तुमच्या सोयीने, वर्गात व्यत्यय येणार नाही अशा वेळी सांगा." एवढं पुरे.

आणि कधीतरी तुम्हाला थांबावं लागेल, नोकरी जाते, घरात आजारपण येतं, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही, फक्त ऑटो डेबिट गुपचूप बंद करू नका. शक्य असेल तर सहा महिने आधी कळवा, रक्कम एकदम शून्य न करता आधी अर्धी करा, आणि तुमच्या जागी येऊ शकेल अशा एकाची ओळख करून द्या. शाळेचं वर्ष संपेपर्यंत जमत असेल तर तेवढं निभवा, म्हणजे बाईंना वर्ग मधेच सोडावा लागणार नाही.